आयर्लंडात शिकायला गेलात तर हर्लिंगचा सामना कसा बघाल

माझ्या पहिल्या सामन्याला, शेवटची शिट्टी वाजल्यावर, मी शेजारच्या आजोबांचं तोंडभरून अभिनंदन केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तेराव्याच्या जेवणात पेढे वाटायला आले होते. फलकावर त्यांच्या संघापुढे २-१६ होतं आणि समोरच्यांपुढे १-२०. मला वाटलं, दोन मोठे की एक? आजोबा एका पॉइंटनं हरले होते.

ही गोष्ट मी लिमरिकला एम.एस्सी. करायला गेले त्या वर्षीची. आता दर सप्टेंबरला नव्यानं आलेल्या मुलामुलींपैकी कुणीतरी विचारतंच, ‘ताई, क्रोक पार्कचं तिकीट कसं काढायचं?’ माझं उत्तर ठरलेलं असतं: डब्लिनचं ते मोठं मैदान पळून जात नाही, पहिला सामना गावातला बघा.

आधी खेळ ओळखून घ्या

आयरिश लोक नुसतं ‘जीएए’ म्हणतात ती गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी कौंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि आणखी मोजक्या माणसांनी ती सुरू केली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. बायकांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात, तिची वेगळी संघटना १९०४ पासून आहे. बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ ची. सगळीकडे पंधरा विरुद्ध पंधरा, मैदान सॉकरच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, आणि गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे, खाली जाळी लावलेले.

फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांहून जास्त नेता येत नाही. मग एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा, आणि सलग दोनदा आपटायचा नाही. एवढं कळलं तरी अर्धा खेळ समजतो.

हर्लिंग मात्र बघूनच कळतं. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी होत गेलेली काठी, ती हर्ली. आयरिश भाषेत तिला ‘कमॉन’ म्हणतात. आपल्या कमानीशी त्याचं काही नातं नाही, पण काठीचा बाक बघितला की शब्द लक्षात राहतो. चेंडू म्हणजे ‘श्लिटर’: कातड्याचा, उठावदार शिवणीचा, ११० ते १२० ग्रॅमचा. जमिनीवर पडलेला श्लिटर थेट हातानं उचलायचा नाही, काठीनंच वर काढायचा. मग पुढचं दृश्य आपल्या ओळखीचं: चेंडू हवेत उडवला आणि खाली येता येता सणसणीत टोला. लहानपणी विटी-दांडू खेळलेल्याला तो क्षण कुणी शिकवावा लागत नाही. फरक एवढाच, की इथे टोला मारताना अंगावर दोन माणसं चालून आलेली असतात. २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, आणि बघितल्यावर वाटतं, एवढा उशीर का केला?

दोन्हीपैकी आधी कोणता बघू, असं विचाराल तर मी हर्लिंग म्हणेन. केरी किंवा मेयोत राहणारे माझ्यावर चिडतील, कारण तिथे फुटबॉल म्हणजे देव. तुम्ही ज्या भागात राहता तिथे जे जास्त खेळतात ते बघा, असं म्हणून मी सुटका करून घेते.

कॅलेंडर बघा, मग सामना निवडा

इथे बरेच जण चुकतात. कौंटी संघांचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या संघांचा, मोसम जानेवारीच्या अखेरीस लीगनं सुरू होतो. एप्रिलपासून चॅम्पियनशिप असते आणि ऑल-आयर्लंड अंतिम सामने आता जुलैत होतात. पूर्वी ते सप्टेंबरात असायचे, म्हणून जुने लेख वाचून आलेली मुलं फसतात. तुम्ही बॅगा घेऊन सप्टेंबरात उतरता तेव्हा कौंटीचा तमाशा उठलेला असतो.

पण नेमका तेव्हाच क्लबांचा मोसम रंगात असतो. क्लब म्हणजे गाव, किंवा शहरातला एक पॅरिश, म्हणजे चर्चची वस्ती. ऑक्टोबरपर्यंत बहुतेक कौंट्यांचे क्लब विजेते ठरतात. पुढे ते प्रांताच्या पातळीवर खेळतात आणि जानेवारीत देशातला सर्वोत्तम क्लब ठरतो. आठवडाअखेरीला चालत किंवा सिटी बसनं पोचता येईल अशा मैदानावर काही ना काही असतंच. शोधायचं कसं? आपल्या भागाच्या क्लबचं आणि कौंटी बोर्डाचं पान मोबाइलवर बघा. त्याहून सोपं म्हणजे घरमालकीणबाईंना किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात विचारा. माझ्या दुकानदारानं सामना तर सांगितलाच, कुणाला पाठिंबा द्यायचा तेही बजावलं.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक वाट आहे, तिचा फार कमी जण फायदा घेतात. विद्यापीठांच्या स्पर्धा: फुटबॉलचा सिगरसन चषक १९११ पासून आणि हर्लिंगचा फिट्झगिबन चषक १९१२ पासून. जानेवारी-फेब्रुवारीत हे सामने होतात, पुष्कळदा कॉलेजच्याच मैदानावर. जुलैत हजारोंसमोर खेळणारी पोरं इथे तुमच्यापासून दहा फुटांवर चिखलात लोळताना दिसतात. कारण हे खेळाडू पगारी नाहीत. कौंटीकडून खेळणाऱ्यालाही मानधन नसतं. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी पोलीस, कुणी तुमच्याच वर्गात.

तिकीट

क्लबच्या सामन्याचं तिकीट साधारण दहा युरोंच्या आसपास असतं. काही कौंट्या ते फक्त ऑनलाइन विकतात, काही ठिकाणी फाटकावर कार्ड चालतं. आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. विद्यार्थी सवलत असेल तर ओळखपत्र खिशात हवं.

कौंटीच्या सामन्याला मात्र फाटकावर तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. ऑनलाइन काढा किंवा सुपरव्हॅल्यू, सेंट्रा या किराणा दुकानांतून घ्या. तिथे तिकिटाचे दोन प्रकार दिसतील, आणि आपला घोळ इथेच होतो. ‘स्टँड’ म्हणजे बसायचं आणि ‘टेरेस’ म्हणजे उभं राहायचं! टेरेस ही गच्ची नव्हे, उतरत्या पायऱ्यांची उभी जागा आहे. ती स्वस्त असते आणि गंमत जास्त, पण पाय दुखतात. पहिल्यांदा जात असाल तर स्टँड घ्या.

ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याची तिकिटं खुल्या विक्रीला येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती क्लबांमार्फत वाटली जातात. म्हणून कुणी अनोळखी माणूस ‘फायनलचं तिकीट आहे’ म्हणून स्क्रीनशॉट विकत असेल तर सरळ नमस्कार करा. एकच कोड चौघांना विकलेला असला, तर आधी पोचलेला आत जातो आणि बाकीचे तिघं रस्त्यावर. उपांत्य सामन्यांची तिकिटं मात्र प्रयत्न केल्यास मिळतात, आणि वातावरणात काही कमी नसते.

तिकीट मोबाइलवर आलं की ते वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. मैदानाजवळ हजारो माणसं एकाच वेळी फोन उघडतात, मग नेटवर्क मान टाकतं.

घरून निघताना

छत्री नको. मागच्या माणसाचा सामना तुम्ही झाकता आणि त्याची बोलणी खाता. टोपी असलेला रेनकोट घ्या, मे महिन्यातही घ्या. आत स्वेटर, पायात पाणी न शिरणारे बूट. क्लबच्या मैदानांवर पुष्कळदा गवताच्या बांधावर उभं राहून बघायचं असतं आणि तो बांध ओला नसलेला मी अजून पाहिला नाही.

खाण्याचं म्हणाल तर मैदानाबाहेर बर्गर आणि चिप्सच्या गाड्या असतात. चिप्स म्हणजे बटाट्याचे जाड काप. ते शाकाहारी दिसतात, पण तळणीचं तेल मांस तळायचंच असू शकतं, तेव्हा पाळत असाल तर विचारून घ्या. मी पोळीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून नेते. शेजारच्यांना एक तुकडा द्या आणि बघा, पाणी पिता पिता ते तुमच्या आईची चौकशी करू लागतात. मोठ्या मैदानांवर बॅगेच्या आकारावर बंधनं असतात, म्हणून सॅक घरी ठेवा.

रंग बघून कपडे घाला. डब्लिन निळा, कॉर्क लाल, लिमरिक हिरवा, किलकेनी काळा आणि पिवळसर, गॉलवे मरून, केरी हिरवा-सोनेरी. जर्सी महाग असते. रस्त्यावर कौंटीच्या रंगाची पट्टी किंवा टोपी विकणारे असतात, तेवढं पुरे. आणि चुकीच्या रंगाचं काही घातलं तरी कुणी अंगावर येत नाही. इथे दोन्हीकडचे प्रेक्षक मिसळून बसतात, युरोपातल्या सॉकरसारख्या वेगवेगळ्या कोंडवाड्यात नाही. टिपररीचा बाप आणि कॉर्कची आई, मध्ये दोन पोरं, असं कुटुंब मी पाहिलंय. मुलं हुशारीनं गप्प होती.

दुसऱ्या गावी जाणार असाल तर रेल्वेचं परतीचं तिकीट जागेसह आधीच काढा. हर्लिंगचं खरं माहेर थर्ल्सचं सेंपल स्टेडियम. डब्लिन-कॉर्क मार्गावर हे स्टेशन लागतं आणि तिथून मैदान चालत जाण्यासारखं आहे. लिमरिकहून निघालात तर लिमरिक जंक्शनला गाडी बदलायची. हे जंक्शन लिमरिकमध्ये नाही, टिपररी कौंटीत आहे! तिथे उतरून ‘आलं आपलं गाव’ म्हणत बाहेर पडू नका. शेवटची गाडी किती वाजता आहे हे सामन्याआधीच बघा. जादा वेळ खेळला गेला तर अर्धा-पाऊण तास कुठेच जात नाही.

फलक वाचायला शिका

आता माझ्या फजितीकडे परत. आडव्या दांड्याखालून, जाळीत गेला तर गोल. दांड्यावरून, खांबांच्या मधून गेला तर पॉइंट. एक गोल म्हणजे तीन पॉइंट. फलकावर डावीकडे गोल, उजवीकडे पॉइंट. २-१६ म्हणजे सहा अधिक सोळा, बावीस. १-२० म्हणजे तेवीस. आजोबांनी हा हिशेब मला प्रोग्रॅमच्या समासात पेन्सिलीनं करून दाखवला, तोही थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिल्यावर.

सराव करायचा तर २०२४ ची हर्लिंगची फायनल घ्या: क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४, तेही जादा वेळेनंतर. अडतीस विरुद्ध सदतीस. कॉर्कनं पॉइंट पाच जास्त मारले आणि चषक क्लेअरला गेला. पुढच्याच वर्षी कॉर्क पुन्हा फायनलला आलं, मध्यंतरापर्यंत सहा पॉइंटांनी पुढे होतं आणि दुसऱ्या अर्धात त्यांना मिळाले फक्त दोन पॉइंट. टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. कॉर्कच्या माणसासमोर हा विषय काढायचा असेल तर आधी त्याला चहा पाजा.

फुटबॉलमध्ये २०२५ पासून भर पडली आहे. गोलापासून ४० मीटरवर एक कमान आखलेली असते आणि तिच्या बाहेरून मारलेला फटका दांड्यावरून गेला तर दोन पॉइंट. हर्लिंगमध्ये हे नाही.

आकडे कळेनात तर गोलाशेजारच्या पंचांकडे बघा. प्रत्येक टोकाला दोघं, पांढरे कोट घातलेले, जणू केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतून थेट मैदानात आलेत. पॉइंट झाला की ते पांढरं निशाण हलवतात, गोल झाला की हिरवं, फुटबॉलच्या दोन पॉइंटांना नारिंगी.

मोठ्या मैदानांवर कौंट्यांची नावं आयरिशमध्ये लिहिलेली असू शकतात. लिमरिकचं ‘लिमनख’, कॉर्कचं ‘कॉरकी’, क्लेअरचं ‘अन क्लार’ कानाला ओळखू येतं. डब्लिनचं ‘आ क्लिया’ मात्र पाठच करावं लागतं.

मैदानात

तिकिटावर ‘थ्रो-इन’ म्हणून जी वेळ असते, ती खेळ सुरू होण्याची. अर्धा तास आधी पोचा. संघ सराव करत असतात तो भाग चुकवू नका, कारण पंधरा-पंधरा जणांचे श्लिटर एकाच वेळी हवेत असतात आणि लाकडाचा टक-टक आवाज चहूबाजूंनी येतो. गोलाच्या मागे उभे असाल तर मोबाइलमध्ये डोकं घालू नका. तो चेंडू सांगून येत नाही.

मोठ्या सामन्यात राष्ट्रगीत होतं, आयरिशमध्ये, सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही उभं राहिलं की झालं. शेवटची ओळ संपायच्या आतच प्रेक्षक गर्जना करतात. ते अवमान नव्हे, पद्धत आहे.

कौंटीच्या मुख्य संघांचा सामना सत्तर मिनिटांचा, क्लबचा साठ. टीव्हीवर लागतो तो संथ रिप्ले डोक्यातून काढा. हर्लिंगमध्ये चेंडू बघायचा प्रयत्न केलात तर दमाल. बघा ती माणसं. चेंडू हवेत असतो तेव्हा कोण कुठे पळतंय, उडी मारणाऱ्याच्या हातावर कुणाची काठी येतेय, कुणी पुढे निघालेल्याचा टोला मागून काठी घालून अडवला. अशा अडवणुकीला गोलाइतक्याच टाळ्या पडतात. मध्येच काठी मोडते. कडेला उभा असलेला माणूस दुसरी घेऊन धावतो, खेळाडू न थांबता ती घेतो आणि मोडकीचे तुकडे बाहेर फेकले जातात. अ‍ॅशच्या झाडांना युरोपभर रोग लागल्यामुळे आता बांबूच्या हर्लीही दिसतात. म्हाताऱ्यांना विचारा, आवाज तसा येत नाही म्हणतील.

क्लबच्या सामन्याची शान वेगळी. पावसात काही जण गाडी मैदानाच्या कडेला लावून वायपर चालू ठेवून आतूनच बघतात आणि पॉइंट झाला की हॉर्न वाजवतात. मध्यंतरात शाळकरी पोरं लॉटरीची तिकिटं घेऊन येतात, पैसे क्लबला जातात, दोन युरो द्या. क्लबघरात चहा असतो. आणि शेजारच्याला विचारायला लाजू नका. ‘मी भारतातली, मला यातलं काही कळत नाही’ एवढं वाक्य पुरतं, पुढचा तासभर तुम्हाला फुकटचं समालोचन. पण एक पथ्य पाळा: कुठल्याही खेळाडूला मोठ्यानं नावं ठेवू नका. पुढच्या रांगेत त्याची आई बसलेली असते.

क्रिकेटचा विषय निघणारच. तेव्हा हे माहीत असू द्या: १९७१ पर्यंत जीएएच्या सभासदानं क्रिकेट, रग्बी, सॉकर हे ‘परके’ खेळ खेळणं किंवा बघणंही नियमाविरुद्ध होतं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड १९३८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिले, तर संघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आता कुणी काही म्हणत नाही. उलट कोहलीबद्दल विचारतात.

आता क्रोक पार्क

दोन-तीन क्लबचे सामने झाले की मग जा. ८२,३०० माणसांचं मैदान, डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागात. ड्रमकॉन्ड्रा स्टेशन जवळ, कॉनोली स्टेशनवरूनही पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं. तिकिटावर कुठल्या रस्त्यानं यायचं ते छापलेलं असतं, ते शब्दशः पाळा. मैदानाच्या एका टोकाला रॉयल कालवा आहे, दुसऱ्या टोकाला रेल्वेचा रूळ. चुकीच्या बाजूनं गेलात तर सगळा वळसा घालावा लागतो. मी घातलाय, आणि पहिला गोल बाहेर उभी राहून फक्त कानांनी पाहिलाय.

रेल्वेच्या बाजूची उभी जागा म्हणजे हिल १६, डब्लिनवाल्यांचा बालेकिल्ला. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावातल्या पडक्या इमारतींच्या राड्यारोड्यावर ती उभी आहे असं कुणीही सांगेल. गोष्ट छान, पण खरी नाही. तो उंचवटा आधीचा आहे आणि त्याचं जुनं नाव पहिल्या महायुद्धातल्या एका लढाईवरून ‘हिल ६०’ होतं. हे डब्लिनच्या माणसाला सामना संपल्यावर सांगा.

समोरासमोरच्या लांब बाजूंपैकी एक होगन स्टँड. मायकेल होगन हा टिपररीचा फुटबॉलपटू. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिन-टिपररी सामना चालू असताना ब्रिटिश सुरक्षा दलांनी याच मैदानात गोळीबार केला. चौदा जण गेले, होगन त्यातला एक. विजेता कर्णधार चषक उचलतो तो याच स्टँडमध्ये. मैदानातलं संग्रहालय सामन्याच्या दिवशी घाईत बघू नका, वेगळा दिवस काढा.

माझ्या त्या पहिल्या सामन्याचं एक राहिलं. दुसऱ्या दिवशी सोमवारी विद्यापीठाच्या उपाहारगृहात कॉफीचे पैसे घेणाऱ्या मुलाच्या भुवईवर तीन टाके होते. मी जरा जास्तच बघत राहिले असेन. ‘काल होतीस का मैदानावर?’ त्यानं विचारलं. मी मान हलवली आणि या वेळी हिशेब नीट करून म्हटलं, ‘एका पॉइंटनं.’ तो म्हणाला, ‘मी ज्याला अडवायचं होतं, त्याच माणसानं तो पॉइंट मारला,’ आणि सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले.